खुणांचा रकाना

हर्णै बंदरावर लिलाव उठला की
उलट्या क्रेटवर बसून मी रजिस्टर भरते:
अनुक्रमांक, लिंग, रंग, खुणा.
पुढे रेबीजची लस, पुढे सही.
खुणांना छापखान्याने
अर्धा इंच जागा सोडलीय.

डांबरी व्यालीय ओढून ठेवलेल्या होडीखाली.
सहा पिल्लं. बाप डिझेल, अख्ख्या बंदराला ठाऊक,
तोही तिच्याइतकाच काळा,
निवत्या इंजिनाशेजारी झोपणारा.

तीन पिल्लं काळी. लिहायला सोपी.
चौथं काळंच, पण चारी पंजे पांढरे.
पांढरा हा रंग नव्हे.
गर्भात रंगाच्या पेशी कण्यापासून निघतात,
बरगड्यांवरून उतरत, पायांतून खाली,
आणि कधी बोटांपर्यंत पोचायच्या आत वेळ संपते,
जशी रात्रीची एसटी
केळशीचा फलक लावून आंजर्ल्यालाच वळते.
शेवटच्या थांब्यावर कोणी उतरत नाही.
तेवढं पांढरं राहतं.

पाचव्याच्या भुवयांवर दोन तांबूस ठिपके.
माझा मामा अशाला चार डोळ्यांचं म्हणायचा,
यमाच्या दाराशी असेच दोघे बसतात म्हणायचा,
आणि तरी त्याला भाकरीचा पहिला तुकडा टाकायचा.
काळ्याचं झाकण आई आणि बाप
दोघांकडूनही आलं नाही,
म्हणून खालचा नकाशा उघडा पडला:
भुवया, गाल, छाती, घोटे.
जागा ठरलेल्या. कितीक पिढ्यांच्या.

सहावं पिवळं.
भाताच्या पेंढ्याइतकं पिवळं,
नाक मात्र काळंकुळीत.

चांगुणा दोरकुलकर पाटी आपटून म्हणाली,
"ह्यां डिझेलचां न्हाय. भायरचां हाय."
बायका हसल्या.
सुया मोजायच्या होत्या, मी मोजल्या.

सांगता आलं असतं तिला.
या पिवळ्याला दोन चिठ्ठ्या लागतात,
एक आईची, एक बापाची.
एकटी चिठ्ठी काळ्याआड गप्प बसते,
पणजीच्या पणजीपासून गप्प,
दुसरी भेटेपर्यंत.
आणि एका वेतात दोन बाप असू शकतात कुत्रीला,
तेही खरं, चांगुणा अगदीच चुकत नव्हती.
फक्त रंगावरून ते ठरत नाही.

माझे डोळे घारे.
आईचे काळे, बाबांचे काळे.
मी सव्वा महिन्याची असताना बाबा
वेंगुर्ल्याच्या एका बोटीवर चढले.
मनिऑर्डर दोनदा आली. पत्र नाही.
पाहुणे आले की आई माझ्या तोंडावर पदर टाकायची,
माश्या बसतात म्हणून.

डोळ्यांचं गणित पिल्लांपेक्षा अवघड,
चारात एक असं मांडून दाखवता येत नाही.
तरी दापोलीला शिकत असताना
बाबांच्या थोरल्या मावशीचा फोटो मी शोधून काढला,
लग्नातला, मुंडावळ्यांसकट.
काळापांढरा.
डोळे फिके आहेत, एवढंच दिसतं.
फिके.
तो मी आईला दाखवला नाही.
काय म्हणणार होते? हे बघ, बहुतेक?

पिवळ्याला उचललं तेव्हा ते माझ्या मनगटावर मुतलं.
सुई टोचली, ओरडलं, लगेच विसरलं.
डांबरी होडीखालून मान काढून बघत होती,
तिला सहाही मोजायची होती.
चांगुणाने माकलीचं एक डोकं फेकलं,
तिच्याकडे की त्याच्याकडे, कळलं नाही.

रंग: पिवळा. नाक: काळे.
खुणांच्या अर्ध्या इंचात मी लिहिलं,
"घरचेच".
डॉक्टरसाहेब विचारतील सोमवारी,
ही कसली खूण, बाई?

भरती चढत होती.
क्रेट उचलून मी दोन हात मागे सरकले
आणि तिसऱ्या काळ्याचा अनुक्रमांक
चुकून दोनदा पडला होता, तो खोडला.